'त्यांच्यात तसंच असतं'

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला गेले होते. विषय दिला होता, 'विद्यार्थ्यांमधील सांस्कृतिक विविधता'. साठेक शिक्षक, त्यात निम्म्याहून जास्त बाया. स्वागतगीत झालं, नारळ-पुष्पगुच्छ झाला, केंद्रप्रमुखांचं प्रास्ताविक झालं. सभागृहाच्या भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं काढलेली होती. बोलायला उभी राहिले तेव्हा मनात आलं, आपण भाषण दिलं तर हे सगळे मान डोलावतील आणि चार वाजताची एसटी धरतील. म्हणून आधी त्यांना कोरे कागद वाटले आणि म्हटलं, नाव घालू नका, फक्त एवढं लिहा: तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलीची शाळा अलीकडे सुटली, आणि का?

चिठ्ठ्या वाचताना मीच गप्प झाले. कारणाच्या जागी बहुतेकींनी, बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलेलं होतं, शब्द थोडे मागेपुढे. 'त्यांच्यात तसंच असतं.' 'त्यांच्यात मुलींना शिकवत नाहीत.' 'त्या समाजात लवकर लग्न करतात.' हे 'त्यांच्यात' म्हणजे कुणाच्यात? एका चिठ्ठीत मुसलमान, दुसरीत पारधी, तिसरीत बंजारा, चौथीत 'ऊसतोडवाले'. ऊसतोड ही काही जात नाही, तो पोटासाठी करावा लागणारा धंदा आहे, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला तोही संस्कृतीच वाटला होता.

त्यातली एक चिठ्ठी मी हातात ठेवली आणि विचारलं, ही कुणाची ते सांगायला कुणी तयार आहे का? थोड्या वेळानं मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. त्यांचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्यानंतर जे झालं ते त्यांना सोपं गेलं नाही.

आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. मुलगी बारा वर्षांची, घरात बसून आईबरोबर साड्यांना फॉल लावत होती. बाईंनी लिहिलं होतं, 'त्यांच्यात मुलींना शिकवत नाहीत.' आईनं जे सांगितलं ते असं: वस्तीतली उर्दू शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलगी मराठी शाळेत आली. चार वर्षं ती उजवीकडून डावीकडे लिहीत-वाचत होती, ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर डावीकडून उजवीकडे, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या भाषेत भूगोल आणि विज्ञान वाचायला बसली. मागच्या बाकावर. हजेरी घेताना 'हजर' म्हणायची, तेवढंच तिचं बोलणं. वरच्या वर्गात ढकलली जात होती म्हणून कुणाला काही खटकलं नाही. आई दोनदा शाळेत आली होती, शाळा सुटल्यावर कुणी तासभर मराठी शिकवेल का म्हणून विचारायला. "हम को बैठो भी नहीं बोले," ती म्हणाली. आरोपाच्या सुरात नव्हे, सहज. मग मुलगी रोज रडत घरी यायला लागली, आणि एक दिवस गेलीच नाही.

म्हणजे जिनं मुलीला शिकवायला धडपड केली त्या आईच्या नावावर आपण 'त्यांच्यात शिकवत नाहीत' असं लिहून मोकळे झालो होतो. परत येताना बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सात वर्षं या गावात आहे. त्या गल्लीत आज पहिल्यांदा गेले."

मैत्रिणींनो, या बाई वाईट शिक्षिका नाहीत. त्यांची अक्षरं मोत्यासारखी, पाठ टाचण चोख, पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात. पण डी.एड.च्या दोन वर्षांत, नोकरीतल्या पंधरा वर्षांत आणि मोजता येणार नाहीत इतक्या प्रशिक्षणांत कुणी त्यांना त्या गल्लीत जायला सांगितलं नव्हतं. जाऊन काय पाहायचं, काय विचारायचं, कुठं गप्प बसायचं, हे तर दूरच. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की ही शिकवायची गोष्ट आहे. चांगल्या मनावर सोडून देण्याची नाही.

कागदावर आपल्याकडे सगळं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शक्य असेल तिथं शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानं शाळा सुटलेल्या मुलीला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याचा हक्क दिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात घरच्या भाषेचा मोठा उच्चार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी होते सुमारे १ कोटी ५ लाख, आणि त्यांच्या मुलांच्या घरात बोलली जाते ती भाषा म्हणजे भिली, पावरी, कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी, वारली, कातकरी. यातली कोरकू ही मराठीची दूरचीही नातलग नाही, ती मुंडा कुळातली. गोंडी आणि कोलामी द्राविडी. गोंडी पोर पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून 'येर' म्हणतं तेव्हा ते बरोबर उत्तर देत असतं. ज्या गुरुजींना हे माहीत नाही ते त्याला चूक म्हणतात, आणि सहा महिन्यांत मूल उत्तर द्यायचंच थांबवतं. मग प्रगतिपुस्तकात 'अबोल', 'मंद' असे शेरे पडतात. त्या शेऱ्यांचं ओझं मुलीवर जास्त पडतं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण मुलगा 'मंद' असला तरी घरचे त्याला आणखी दोन वर्षं शाळेत पाठवून पाहतात.

आणि सांस्कृतिक विविधतेचं प्रशिक्षण म्हणून शिक्षकांना काय मिळतं? अमक्या जमातीचा पोशाख, तमक्यांचा नाच, त्यांचे सण, त्यांचे दागिने. स्नेहसंमेलनात शहरी पोरींना गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसवून तारपा नाच. शाळेच्या कुंपणावर वारली चित्रं. मला त्या चित्रांचा राग नाही. पण ज्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्र आहे त्याच शाळेत वारली बोली बोलणाऱ्या मुलीला 'शुद्ध बोल' म्हणून उभं केलेलं मी पाहिलं आहे. शिवाय त्या चित्राबद्दलही आपण अर्धंच शिकवतो. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचं काम पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनींचं. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, बाईच. चित्र कागदावर आलं, बाजारात गेलं, तेव्हा पुढं आली ती मुख्यतः पुरुषांची नावं. बाईनं लग्न लावायचं म्हटल्यावर शहरात अजून भुवया उंचावतात, आणि इथं एका पाड्यावरच्या मुलीच्या घरात ते पूर्वापार चाललेलं आहे. स्त्री-पुरुष समानतेच्या तासाला तिला बोलू दिलं असतं तर तिनंच वर्गाला काही शिकवलं असतं. पण त्या तासाला तिला ऐकायला लागतं की तुमच्या समाजात स्त्रिया मागासलेल्या आहेत.

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेतला प्रसंग सांगते. नववीच्या वर्गात निबंध दिलेला, 'हुंडा: एक सामाजिक कलंक'. एका पावरा मुलीनं लिहिलं, आमच्यात हुंडा नसतो, मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज देतो. सरांनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मुली विकता?" वर्ग हसला. मुलीनं पुढं कधी स्वतःच्या घरचं काही लिहिलं नाही. पुढचे निबंध तिनं गाइडातून उतरवले आणि तिला चांगले गुण मिळाले.

ही गोष्ट मी आपल्या शिबिरांत सांगते तेव्हा मैत्रिणींचे दोन तट पडतात. काहीजणी म्हणतात, देज म्हणजे बाईच्या श्रमाची कदर, ती प्रथा हुंड्यापेक्षा बरी. काहीजणी म्हणतात, बाईचा व्यवहार तो व्यवहारच, देज परत करता येत नाही म्हणून किती जणी मारझोड सोसत नांदतात ते पाहा. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. बाईला काडीमोड घेऊन दुसरं घर करता येतं ही सोय त्या समाजात आहे आणि त्या सोयीची किंमत पैशात मोजली जाते हेही आहे. शिवाय अलीकडे नोकरदार आदिवासी घरांत आपल्यासारखा हुंडाही शिरू लागलेला आहे. हे सगळं त्या नववीच्या वर्गात बोलता आलं असतं! पावरा मुली, भिल्ल मुली, आणि शाळेत एखाददुसरी बिगरआदिवासी असली तर ती, आपापल्या घरी लग्नात कोण कुणाला काय देतं ते फळ्यावर लिहिलं असतं, आणि मग विचारलं असतं, यात मुलीला कोण विचारतं? हा खरा समानतेचा पाठ. सरांना तो घेता आला नाही, कारण त्यांच्याकडे हुंडा हा एकच प्रश्न होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. सगळ्या बायकांचं दुःख आपल्याच घरच्या मापानं मोजायची ही खोड फक्त सरांचीच आहे असं मात्र म्हणू नका.

आपलीही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका अध्यापक विद्यालयात सत्र घ्यायचो, 'घरात कोण काय काम करतं' याचा तक्ता. स्वयंपाक, धुणी, केर, बाजार. तक्ता आमचा होता, म्हणजे पांढरपेशा घराचा. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातल्या एका छात्राध्यापिकेनं विचारलं, "बाई, यात माती मळायची कुठं लिहू?" जागाच नव्हती. त्याच सत्रात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, शिक्षकानं मुलांची जात विचारू नये. तेव्हा एक दलित छात्राध्यापक उठून म्हणाला, "बाई, जात विचारून मागं बसवू नये हे बरोबर. पण गुरुजींना माझी जातच माहीत नसली तर पाण्याच्या हंड्याजवळ मला काय होतं ते त्यांना दिसणार कसं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही तयार उत्तर नाही. एवढं मात्र तेव्हापासून बोलते की 'सगळी मुलं मला सारखीच' हे वाक्य अनेकदा न बघण्याची सोय असते.

आता दुसरी बाजू, आणि ही आपल्या मासिकात बोलायलाच हवी. संस्कृतीचा मान राखा म्हटलं की काही शिक्षकांना सुटल्यासारखं वाटतं. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरतंय हे वर्गात सगळ्यांना माहीत, गुरुजींनाही माहीत, पण 'त्यांच्या समाजात आपण कसं पडायचं?' जातपंचायतीनं एका घराला वाळीत टाकलं, त्या घरच्या मुलीशी बाकीची मुलं बोलेनात, बाई म्हणतात 'त्यांचा अंतर्गत मामला'. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, तो किती शिक्षकांना सांगितला गेला? मुलीचा अपमान करायला संस्कृती आणि मुलीला वाऱ्यावर सोडायलाही संस्कृतीच. दोन्हीकडे मुलगी एकटी. पारध्याच्या वस्तीवरच्या मुलांची दप्तरं वर्गात पेन हरवलं की पहिली तपासली जातात. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला, दप्तरं तपासणं अजून गेलेलं नाही. आणि त्याच मुलीला पाळी आल्यावर घरी बसवलं की शाळा चौकशीही करत नाही. संशय घ्यायला ती आपली विद्यार्थिनी, विचारपूस करायला ती 'त्यांच्यातली'.

फरक कसा ओळखायचा? माझी एक साधी खूण आहे. समाजाचं म्हणणं काय ते कुणी सांगितलं, हे पाहायचं. मुखियानं, पंचानं, बापानं सांगितलं असेल तर तेवढ्यावर थांबायचं नाही. आईला विचारायचं, आजीला विचारायचं, मुलीला स्वतःला विचारायचं. प्रत्येक समाजात बायकांचं म्हणणं वेगळं असतं आणि ते पंचायतीच्या ठरावात येत नाही. हे शिक्षकाला कळायला हवं, आणि ते बायांच्या गटांइतकं दुसरं कोण शिकवू शकतं?

हे सगळं नवीन आहे असं समजायचंही कारण नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत ती तीन वर्षं शिकलेली. महार-मांगांच्या हालांबद्दल, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल तिनं लिहिलं. मला त्या निबंधाइतकंच त्या वर्गाबद्दल कुतूहल वाटतं. ज्या मुलीला तीन वर्षांपूर्वी अक्षर येत नव्हतं तिला, तुझ्या घरचं, तुझ्या जातीचं जे आहे ते लिही, असं कुणीतरी म्हटलं असेल, आणि लिहिल्यावर कुणी हसलं नसेल. गाइडातून उतरवणारी आपली पावरा मुलगी आणि मुक्ता यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षं आहेत.

तसंच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई मॉन्टेसोरीच्या पद्धतीत मुरलेल्या, भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या. पण वारल्यांची मुलं बालमंदिरात येत नाहीत म्हटल्यावर 'त्यांच्यात शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारून त्या परत फिरल्या नाहीत. मुलं येत का नाहीत ते त्यांनी पाहिलं. मुलगे गुरं राखतात, मुली कडेवर धाकटं भावंड घेऊन फिरतात. मग शाळा अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एका ठिकाणी आणले, म्हणजे भावंडाला कुठं ठेवू हा मुलीचा प्रश्न सुटला. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंखशिंपले. अनुताईंसारख्या विधवा बाईनं त्या टेकडीवर आयुष्य काढलं ते वेगळंच. अंगणवाडी हा शब्द पुढं देशभर गेला, पण मुलगी का येत नाही ते आधी जाऊन पाहायचं, ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

मग करायचं काय? डी.एड.च्या, बी.एड.च्या छात्रसेवाकालात ठरलेल्या शाळेत सराव पाठ घेतात, तसे काही आठवडे एका वस्तीत घालवायचे, शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर. निबंध लिहायला नव्हे, त्या वस्तीतल्या भाषेतले दोनशे शब्द शिकायला. शिक्षकानं मुलाच्या भाषेत चुकावं आणि मुलांनी त्याला हसावं, यानं जितकं होतं तितकं दहा व्याख्यानांनी होत नाही. हे मी स्वतः केलं आहे, पोरं मनसोक्त हसली. प्रशिक्षणाला तज्ज्ञ म्हणून वस्तीतल्या आयांना बोलवायचं, आणि तज्ज्ञाला देतो तेच मानधन त्यांना द्यायचं. त्यांची अर्धी मजुरी बुडवून 'अनुभवकथन' करून घ्यायचं नाही. आणि शिक्षकाला आधी स्वतःच्या घराकडे पाहायला लावायचं: तुमच्याकडे पंक्तीला कोण आधी बसतं, कोणाचा कप वेगळा असतो, सुनेनं काय नेसायचं ते कोण ठरवतं. स्वतःचं ते सहज आणि दुसऱ्याची ती संस्कृती, हा गैरसमज तिथं सुटतो. यावर एका शिबिरात एक गुरुजी चिडून निघून गेले. जाऊ दे, दुसऱ्या दिवशी आले.

बारीकसारीक गोष्टी तर फुकट सुधारता येतात. पहिल्या दिवशी नावाऐवजी आडनाव विचारणं. 'बुधी', 'सोमी' अशा वाराच्या नावानं आलेल्या मुलीला दाखल करताना 'सुनीता' करून टाकणं. जन्मतारीख माहीत नाही म्हणून अख्ख्या पाड्याला १ जून. आईचं ऐकून पेरणीच्या आधी का नंतर, होळीच्या आसपास की दिवाळीच्या, असं विचारलं तर निदान ऋतू तरी खरा लागतो.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपणही चिठ्ठी लिहून मोकळ्या झालो असं होईल. निवडणूक, सर्वेक्षण, खिचडीचा हिशोब, रोज नवी माहिती भरायची. ऊसतोडीला गेलेल्या मुलीचं शिक्षण हमी पत्रक तयार करायचं, पण ती कोणत्या कारखान्यावर गेली ते मुकादमालाच ठाऊक. तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्या बाईंना संध्याकाळी वस्तीवर थांब म्हणणं सोपं आहे, त्यांच्याही घरी स्वयंपाक वाट पाहत असतो आणि सासू 'कुठं हिंडतेस' म्हणते. म्हणून हे काम शाळेच्या वेळात, पगारी कामात धरलं पाहिजे, चांगुलपणाच्या खात्यात नव्हे. आणि जिथं लोक स्वतः उभे राहतात तिथं त्यांना आडवं तरी जाऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर मान्यता नाही म्हणून तिला बंद करण्याच्या नोटिसा. मातृभाषेचं धोरण आणि ही नोटीस, दोन्ही सरकारीच.

त्या फॉल लावणाऱ्या मुलीचं पुढं काय झालं हे तुम्ही विचाराल. बाईंनी दुपारच्या सुट्टीत तिला अर्धा तास मराठी शिकवायला सुरुवात केली, आणि स्वतः तिच्याकडून उर्दू अक्षरं गिरवतात. 'बे'च्या खाली एक नुक्ता की दोन, यात त्या अजून चुकतात. मुलीचं नाव पटावरून कमी झालेलं आहे. ते पुन्हा घालण्यासाठी चौथ्या कलमाचा हवाला देऊन अर्ज केला, त्याची पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही. दरम्यान मुख्याध्यापकांनी बाईंना लेखी विचारलं आहे की नाव पटावर नसताना या मुलीला खिचडी कोणत्या हिशोबातून दिली जात आहे.